काळ्या दाण्याचा इतिहास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर मोठमोठ्या माणसांचे इतिहास सांगितले गेले. पेशव्यांचे झाले, क्रांतिकारकांचे झाले, समाजसुधारकांचे झाले. मी आज ज्याचा इतिहास सांगणार आहे तो एक दाणा आहे. ज्वारीचा, मक्याचा, बाजरीचा. आणि तोही चांगला नव्हे, पावसात भिजून काळा पडलेला, बुरसलेला. तो पुरुषांपेक्षा बायकांच्या पोटात अधिक जातो आणि तेथे काय करतो, हा माझा विषय आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण टोळ्यांच्या पडावावर, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयात झाले. तेव्हा शास्त्राची भाषा माझ्याकडून कोठे ओबडधोबड झाली, तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

या विषयाकडे मी कसा वळलो हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझी एक चूक आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मोलगी आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला सरहद्दीपलीकडे जात, आजही जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा एक कोयता धरायचा, आणि चारपाच महिने शेताच्या कडेला पडावावर काढायचे. मजुरीतला एक भाग खावटी म्हणून ज्वारीच्या रूपाने मिळे. त्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस झाला होता. एका कारखान्याच्या (नाव घेत नाही) टोळ्यांना आलेली पोती काळी होती. दाणा हाताला हलका लागे, दळल्यावर पिठाला कुबट वास येई. बायका तक्रार घेऊन आल्या. "दादा, ही ज्वारी कोंबडीबी सोडते," असे एकीने सांगितले. मी वाटाघाटींना बसलो आणि काय मिळवून आणले? खावटी कोयत्यामागे काही किलोंनी वाढवून आणली. ज्वारी तीच. मला तो विजय वाटला. रात्री सभा झाली, घोषणा झाल्या.

महिन्याभराने त्याच पडावावरच्या एका वयस्क बाईने मला बाजूला बोलावले. पुरुषमाणसाशी हे बोलावे की नाही असा संकोच तिच्या चेहऱ्यावर होता. टोळीतल्या पोरींची पाळी बिघडली आहे, कुणाची महिन्यातून दोनदा येते, कुणाची येतच नाही, एकीचे तिसऱ्या महिन्यात गेले, असे तिने सांगितले. "तू आम्हाला तेच धान्य जास्त आणून दिलंस," एवढेच ती म्हणाली आणि गेली. त्या पोरींचे दुखणे त्या ज्वारीनेच झाले असे मी तेव्हा म्हणू शकत नव्हतो, आजही म्हणत नाही. पाळी बिघडायला उपास पुरतो, पहाटे तीनपासूनचे काम पुरते, रक्त कमी असणे पुरते. परंतु मी विचारलेसुद्धा नव्हते. वजन पाहिले, दाणा पाहिला नाही. ती बाई जे बोलली त्यात काही अर्थ आहे का, एवढे शोधण्यासाठी मी वाचू लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

बुरसलेल्या धान्याचा आणि बाईच्या शरीराचा संबंध ही नवी गोष्ट नव्हे. त्याची सर्वांत जुनी हकिगत युरोपातली आहे. तेथे राय नावाचे धान्य गरिबांच्या भाकरीचे. ओल्या, थंड उन्हाळ्यानंतर त्याच्या कणसात दाण्याच्या जागी काळेजांभळे, वाकडे, कोंबड्याच्या नखासारखे काहीतरी वाढे. त्याला अरगट म्हणतात. ते दळणात गेले की गावेच्या गावे आजारी पडत. हातापायांत आग होई, बोटे काळी पडून गळत, अंगाला झटके येत. लोक त्याला पवित्र अग्नी म्हणत, आणि अशा रोग्यांची सेवा करण्यासाठी १०९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये संत अँथनीच्या नावाने एक पंथच निघाला. शेकडो वर्षे लोक हा देवाचा कोप समजत राहिले. १६७६ साली दोदार नावाच्या फ्रेंच वैद्याने हा दोष भाकरीत आहे असे तेथल्या विज्ञान अकादमीला कळविले.

परंतु ही गोष्ट सुइणींना आधीच ठाऊक होती. अरगटाचे दाणे बाळंतपणात कळा आणण्यासाठी वापरतात अशी नोंद १५८२ सालच्या एका जर्मन वनस्पतिग्रंथात आहे. म्हणजे ज्या दाण्याने पुरुषांची बोटे गळत होती, तोच दाणा बाईच्या गर्भाशयाला आवळतो हे अडाणी बायकांनी निरीक्षणाने ओळखले होते. १८०८ साली न्यूयॉर्कमधील स्टर्न्स या डॉक्टरने ते औषध डॉक्टरमंडळींपुढे आणले. पुढे इतकी घाई झाली की १८२४ मध्ये होझॅक यांना इशारा द्यावा लागला की या भुकटीने मुले मृत जन्मू लागली आहेत. शेवटी १९३५ साली लंडनमध्ये मॉयर आणि डडली यांनी अरगटातले नेमके औषधी द्रव्य वेगळे काढले. ते म्हणजे अर्गोमेट्रिन. आज आपल्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना तर जी सुई टोचतात, तिच्यात याच कुळीचे द्रव्य असते. एका बुरशीने किती बाळंतिणी वाचल्या याची गणती नाही. मी फक्त एवढेच लक्षात आणून देतो, की बुरशीला बाईच्या कुशीची वाट ठाऊक आहे, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच लिहिली गेली होती.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या बाजरीवरही अरगट येते. कणसातून आधी मधासारखा चिकट स्राव गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळसर गाठी धरतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन साथ आली. पटेल, बोमन आणि दलाल या तिघांनी तिची हकिगत १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. बाजरीतले विष रायच्या विषाहून वेगळे असते. त्याने बोटे गळत नाहीत; मळमळते, उलट्या होतात, घेरी येते, गुंगी चढते, आणि एकदोन दिवसांत माणूस उठून बसतो. उठून बसतो म्हणून त्याची फार चर्चा झाली नाही. परंतु त्याच सुमारास आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, पशुवैद्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अशी अरगट लागलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिले झाली, पण स्तनांत दूध उतरले नाही. पिले उपाशी मेली.

यावर आपल्या कृषी खात्याने एक सोपा उपाय रुजवला. पेरणीआधी बाजरीचे बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ, टाकायचे. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे हलके असल्यामुळे वर तरंगतात. ते काढून जाळायचे, खाली राहिलेले बी धुऊन वाळवून पेरायचे. बियाण्यासाठी ही काळजी घेतली गेली. खाण्याच्या दाण्यासाठी ते काम कोण करते? सुपाने पाखडणारी बाई. तिला कोणी त्याबद्दल सल्ला दिला नाही आणि तिच्या त्या कामाला मजुरीही नाही.

येथपर्यंत जी विषे सांगितली ती गर्भाशयाला आवळणारी किंवा दूध आटवणारी. यापुढे सांगतो ते विष अधिक लबाड आहे. ते बाईच्या शरीरात बाईचेच सोंग घेते.

अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात मका म्हणजे जीव की प्राण, आणि तो मका मुख्यतः डुकरांना घालतात. १९२८ साली तेथल्या पशुवैद्यांनी लिहिले की बुरसलेला मका खाल्लेल्या, अजून वयात न आलेल्या डुकरिणींची योनी लाल होऊन सुजते, जणू त्या माजावर आल्या आहेत. त्यांचे स्तन वाढत, गर्भाशय फुगे, काहींचे अंग बाहेर येई. मोठ्या डुकरिणी फळत नसत किंवा त्यांना पिले थोडी होत. मका बदलला की बहुतेक बऱ्या होत. मक्यात काहीतरी आहे हे कळले; काय आहे ते कळायला चौतीस वर्षे लागली. १९६२ मध्ये इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाच्या स्टॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी लागलेल्या मक्यातून ते द्रव्य वेगळे केले. १९६६ मध्ये त्याची रासायनिक घडण उलगडली आणि त्याचे नाव ठेवले झिअरालेनोन. त्यातला 'झिआ' हे मक्याचे शास्त्रीय नाव आहे. ते करणारी बुरशी फ्युझेरियम या जातीची. ती मक्यावर गुलाबी, पांढुरकी दिसते. ज्वारीवर, गव्हावर, बार्लीवरही येते. तिला ओल आणि गारवा हवा असतो. पीक उभे असताना पाऊस आणि साठवताना दमट हवा मिळाली की तिचे फावते.

हे विष काम कसे करते ते माझ्या भाषेत सांगतो. बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. वयात येणे, महिन्याची पाळी, गर्भ धरणे, स्तनांची वाढ, ही कामे त्याच्या हुकमाने चालतात. गर्भाशयातल्या आणि स्तनातल्या पेशींत या हुकमासाठी जणू कुलपे बसवलेली असतात, आणि इस्ट्रोजेन ही त्यांची किल्ली. झिअरालेनोनचा रेणू त्या कुलपात बसतो. खरी किल्ली नव्हे, बनावट; तिच्याहून बरीच कमजोर; पण कुलूप फिरते. शरीराला वाटते हुकूम आला. हुकूम कुणी दिला हे ते ओळखत नाही. दुसरी गोष्ट अशी की हे विष यकृतात गेले की बदलते, आणि त्यापासून होणारा अल्फा-झिअरालेनॉल हा पदार्थ मूळ विषापेक्षा कितीतरी जोरकस असतो. डुकरांत हा अल्फा जास्त तयार होतो म्हणून डुकरे लवकर बळी पडतात. गाईगुरांत त्याचे सौम्य भावंड अधिक होते म्हणून ती तगतात. कोंबड्यांना तर फारसे काही होत नाही. माणसाच्या शरीरातही अल्फा तयार होतो. "कोंबडीबी सोडते" हे त्या बाईचे निरीक्षण धान्याच्या वासाबद्दल खरे होते. परंतु कोंबडीने खाल्ले आणि तिला काही झाले नाही, म्हणून ते आपल्याला चालेल, असे मात्र समजू नये.

या बनावट किल्लीचा धंदाही झाला. झिअरालेनोनपासून झेरॅनॉल नावाचे औषध बनवून अमेरिकेत १९६९ पासून गुरांच्या कानात त्याच्या गोळ्या बसवतात, म्हणजे गुरे लवकर भरतात आणि मांस जास्त मिळते. युरोपातल्या लोकांनी अशा मांसाला नकार दिला आणि १९८९ पासून त्याची आयात अडवली. त्यावरून दोन्हीकडच्या सरकारांत तंटा लागला, तो जागतिक व्यापार संघटनेपर्यंत जाऊन १९९८ साली त्यावर निवाडा झाला. मोठ्या देशांतल्या गिऱ्हाइकाच्या ताटातल्या किंचितशा अंशासाठी दोन खंड भांडले. त्या भांडणाला मी नावे ठेवीत नाही. गिऱ्हाइकाला मान असला की त्याच्या ताटाची विचारपूस कशी होते, ते त्यावरून समजते.

आता प्रश्न असा, की माणसांत हे विष खरोखर काय करते? येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की उत्तर एकसुरी नाही. पोर्टो रिको बेटावर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून लहान लहान मुलींना अकाली स्तन येऊ लागले. खाण्यातल्या झिअरालेनोनवर संशय घेतला गेला, परंतु अमेरिकन सरकारच्या चौकशीत तो सिद्ध झाला नाही. हंगेरीच्या आग्नेय भागातल्या अशाच मुलींपैकी काहींच्या रक्तात हे विष सापडल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. इटलीतल्या विआरेजिओ भागात अकाली वयात आलेल्या मुलींपैकी सहा जणींच्या रक्तात ते वाढलेले आढळले. हे २००८ मध्ये छापून आले. उलट न्यू जर्सीतल्या नऊ-दहा वर्षांच्या १६३ मुलींची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या शंभरात अठ्ठ्याहत्तर मुलींच्या लघवीत हे विष किंवा त्याचे अंश होते, पण त्या मुली उंचीला थोड्या कमी आणि त्यांचे स्तन फुटणेही उशिराचे. म्हणजे कोठे घाई, कोठे दिरंगाई. बनावट किल्ली कधी कुलूप उघडते, कधी खऱ्या किल्लीची वाट अडवते, असे याचे स्पष्टीकरण देता येईल. न्यू जर्सीच्या पाहणीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जेथे धान्य गोदामात वाळवून, तपासून, चाळून येते, त्या श्रीमंत देशातसुद्धा चारातल्या तीन मुलींच्या शरीरापर्यंत हे विष पोचते. मग जेथे तपासणे सोडा, वाळवायला कोरडे अंगणही नाही, तेथे काय होत असेल?

आपल्या भागात बुरशीने माणसे मारल्याचा दाखला पाहावयाचा तर लांब जायला नको. १९७४ च्या हिवाळ्याआधी गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत काविळीची साथ आली. दीडशेहून अधिक गावे, बहुतेक आपल्यासारखीच भिल्लांची. मका हेच त्यांचे रोजचे अन्न. काढणीच्या तोंडावर अवेळी पाऊस झाला, कणसे भिजली, तशीच घरात ठेवली. आधी कुत्री मेली. मग माणसांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरले. नोंद झालेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे कारण शोधून काढले. हे विष १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले तेव्हा उजेडात आलेले. पुढे १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातल्या सत्तावीस गावांत, पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटाच्या दुखण्याची साथ आली. तेथे फ्युझेरियमचेच दुसरे एक विष सापडले. म्हणजे ही बुरशी आपल्या ज्वारीत घर करते, याबद्दल शंका नको.

पण यात एक भेद आहे. अफ्लाटॉक्सिन माणूस मारते, म्हणून त्याची साथ दिसते. दवाखान्यात खाटा भरतात, वर्तमानपत्रात मथळे येतात. झिअरालेनोन मारत नाही. त्याने पाळी बिघडली तर ती बाई कोणाला सांगते? गर्भ गेला तर तो कोणत्या रजिस्टरात लिहिला जातो? पाळी बिघडल्याची साथ कोणाला दिसत नाही, कारण ती एकेका झोपडीत एकेकटीला येते आणि प्रत्येकीला ते आपलेच नशीब वाटते.

ज्वारी काळी का पडते, याचाही इतिहास आहे. आपल्या आजोबांची ज्वारी उंच, उशिरा येणारी. दिवस लहान होऊ लागले की ती निसवे, आणि दाणा भरेपर्यंत पाऊस उलगडलेला असे. दाणा कोरड्या हवेत पिके. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. ते बुटके, लवकर येणारे, उत्पन्न दांडगे. उपाशी देशाला त्याची गरज होती, हे विसरून चालणार नाही. पण लवकर येणे म्हणजे भर पावसात दाणा पिकणे. परतीचा पाऊस रेंगाळला की कणीस उभ्याउभ्याच बुरसे, आणि खरिपाच्या ज्वारीला काळी ज्वारी हे नाव पडले. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही. मग ती कोठे जाते? कोंबड्यांच्या खाद्याला, दारूच्या भट्टीला, आणि मजुराच्या ताटात.

मजुराला धान्यात मजुरी देण्याची रीत खानदेशात जुनी. सालदाराला वर्षाची ज्वारी ठरलेली असे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि खडी फोडणाऱ्यांना वाटलेली सुकडी ज्यांनी खाल्ली, ते अजून त्याची चव सांगतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकात बार्डोलीकडच्या साखर कारखान्यांवर राबणाऱ्या आपल्या खानदेशी कोयत्यांबद्दल लिहिले, त्यातही ही ज्वारीची खावटी आहे. धान्याची मजुरी हे भुकेविरुद्धचे कवच आहे असे म्हणतात, आणि महागाईत ते खरेही आहे. परंतु कोणते धान्य द्यावयाचे हे देणारा ठरवतो. आमच्या करारनाम्यांत किलो लिहिलेले असत, प्रत लिहिलेली नसे. माझी चूक हीच होती, आणि ती माझ्या एकट्याची नव्हती.

आता थोडे गणित करू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये सांगितले की झिअरालेनोन रोज पोटात जाण्याची सुरक्षित हद्द शरीराच्या एका किलोमागे पाव मायक्रोग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला ती होते साडेबारा मायक्रोग्रॅम. थेट खाण्याच्या मक्यात किलोमागे शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल असा युरोपचा नियम आहे. तेथला माणूस मका खातो तो न्याहारीला मूठभर. सातपुड्यातली बाई हंगामात दोन्ही वेळ मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी खाते. अर्धा किलो धरा. म्हणजे युरोपच्या नियमात अगदी पास झालेला मका खाल्ला, तरी तिच्या पोटात पन्नास मायक्रोग्रॅम जाणार, म्हणजे हद्दीच्या चौपट. यावरून एक समजते. एकाच धान्यावर जगणाऱ्या माणसासाठी धान्य अधिक शुद्ध लागते, कमी नव्हे. व्यवहार मात्र उलटा आहे.

आणि भाकरी भाजली की विष जाईल या भ्रमात राहू नका. झिअरालेनोन उकळण्याने, भाजण्याने जात नाही. आंबवूनही जात नाही. आफ्रिकेतल्या स्वाझीलंड आणि लेसोथोत मक्याज्वारीच्या घरगुती बियरमध्येही ते सापडल्याचे १९७८ साली प्रसिद्ध झाले आहे.

बायकांच्या प्रकृतीचा विषय निघाला की बीड जिल्ह्याची आठवण होते. २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणाने महाराष्ट्र हादरला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्याची कारणे उघड आहेत. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, पडावावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि दुखणे घेऊन गेले की कापा म्हणणारे दवाखाने. त्यात मी बुरशी घुसडणार नाही. तिला तेथे पुरावा नाही. पण त्या आकड्यांनी एक सिद्ध केले आहे. मजूर बाईच्या कुशीचा प्रश्न हा तिचा खासगी प्रश्न नव्हे. तो कामाच्या अटींचा प्रश्न आहे. आणि कामाच्या अटींत तिला मिळणारे धान्यही येते.

आता करावयाचे काय? बुरसलेले धान्य फेकून द्या, असे सांगणे सोपे आहे. पंचमहालातल्या लोकांना मका खराब आहे हे दिसत नव्हते असे नाही. घरात दुसरे नव्हते. म्हणून मी दोन प्रकारच्या गोष्टी सांगतो. पहिल्या घरच्या. कणसे पावसाआधी जमत असेल तर काढा. भिजलीच तर ढीग करू नका, पसरा. सातपुड्यात बियाण्याची कणसे चुलीच्या धुरावर टांगतात, ती रीत शहाणपणाची आहे. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा. ओल बारा-तेरा टक्क्यांवर आली की बुरशीची वाढ थांबते. कणगी जमिनीपासून उचलून ठेवा. दळणाआधी दाणे पाण्यात टाका. हलके, पोचट, रंग गेलेले दाणे वर येतात, आणि विष त्यांतच जास्त असते. ते काढून बाकीचे पुन्हा वाळवा. फोलपटात आणि कोंड्यात विष अधिक राहते. आणि घरातली निवडलेली ज्वारी पुरुषांना व मुलांना, उरलीसुरली बाईला, हा नियम मोडा. गरोदर बाईच्या ताटात तर सर्वांत आधी चांगला दाणा पडला पाहिजे.

दुसऱ्या गोष्टी संघटनेच्या. खावटी घ्यावयाची तर करारात किलोबरोबर प्रत लिहून घ्या. नमुना दोघांसमोर सीलबंद करा. काळे धान्य आले तर त्याच्या किमतीइतके पैसे रोख मागा, जास्त काळे धान्य मागू नका. आपल्या कायद्याने अन्नधान्यातल्या अफ्लाटॉक्सिनला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. दुकानातल्या धान्याला लागू असलेली ही मर्यादा मजुरीच्या पोत्याला लागू करून घेणे हे आपले काम आहे. आणि वाटाघाटीच्या सतरंजीवर बाया बसल्या पाहिजेत. मी एकटा गेलो होतो, म्हणून वजन घेऊन आलो. त्या वयस्क बाईला बरोबर नेले असते, तर तिने पोत्यात हात घातला असता.

सातपुड्यातले लोक याहा मोगी मातेला मानतात. दुष्काळात धान्य देणारी ती देवी. नवे धान्य आले की आधी तिला दाखवायचे आणि मग आपण खायचे, ही रीत. देवीला दाखवण्यासाठी काढलेल्या मुठीत काळा दाणा चालत नाही. बायका तो एकेक वेचून टाकतात. मला अनेकदा वाटते, की त्या मुठीला जी नजर लागते तीच नजर आपण आपल्या आयाबहिणींच्या ताटाला लावली, तर माझ्या भाषणाचे काम झाले.

ती वयस्क बाई आता नाही. पुढच्या हंगामात आम्ही त्या कारखान्याशी पुन्हा बसलो, तेव्हा करारात "स्वच्छ, कोरडी, वासरहित ज्वारी" असे चार शब्द घालून घेतले. ते शब्द पाळले गेले का? काही वर्षी गेले, काही वर्षी त्यासाठी पुन्हा काम बंद पाडावे लागले. परंतु ते शब्द आजही त्या करारात आहेत. ते माझे नव्हेत, तिचे आहेत, एवढे येथे नोंदवून मी आपली रजा घेतो.